चढ पायांना कळतो

(लातूरहून औसा, खरोसा, निलंगा या मार्गाने निघालेल्या शालेय विद्यार्थ्यांच्या सायकल सहलीचा दुसरा मुक्काम किल्लारीस होता. त्या सायंकाळी विद्यार्थी व ग्रामस्थ यांच्यासमोर एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

गेले दोन दिवस माझ्यासोबत, खरे तर माझ्या बऱ्याच पुढे, सायकल चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थिमित्रांनो,

आज सकाळी निलंगा सोडून तासभर झाला असेल. एक विद्यार्थी सायकलवरून उतरला आणि घाम पुसत मला म्हणाला, "सर, नकाशात तर हा सगळा भाग सपाट दिसतो. मग पाय का भरून आले?" मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. संध्याकाळी सांगतो, असे म्हणालो. ते उत्तर देण्यासाठीच मी आता उभा आहे. मात्र उत्तर थोडे लांब आहे आणि त्यातील काही भाग सांगणे मला सोपे नाही.

आपण ज्या भूमीवरून आलो ती बालाघाटाच्या पठाराची भूमी आहे. बसच्या खिडकीतून पाहिले तर ती खरोखरच सपाट भासते. सोयाबीन निघून गेलेली काळी राने, तुरीचे उभे पट्टे, मध्येच एखादे लिंबाचे झाड आणि दूरवर पसरलेले आभाळ. पण सायकलवर बसले की हीच भूमी वेगळी होते. ओढ्याकडे नेणारा लांब उतार येतो, छोटा पूल येतो आणि पुलापलीकडे तितकाच लांब चढ उभा राहतो. तो संपला की पुन्हा उतार. मांजरा आणि तेरणा या नद्यांनी व त्यांना मिळणाऱ्या शेकडो ओढ्यांनी हे पठार युगानुयुगे कोरले आहे. हे चढ इतके मंद आहेत की ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते पायांना कळतात.

लपलेला किल्ला

काल सकाळी लातूरहून आपण औशास आलो. अंतर सुमारे २० किलोमीटर. तुमच्यापैकी बहुतेकांची अपेक्षा होती की किल्ला दुरूनच दिसू लागेल. तो दिसला नाही. अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही. काहींना वाटले की आपण वाट चुकलो.

यातच औशाच्या किल्ल्याचे मर्म आहे. हा भुईकोट उंचवट्यावर नसून खोलगट जागेत बांधलेला आहे. चहूबाजूंची जमीन त्याच्याहून उंच आहे. त्यामुळे किल्ल्याच्या सर्वांत उंच जागेवरून चालून येणारी फौज दुरूनच दिसते, पण येणाऱ्याच्या दृष्टीस किल्ल्याचा मोठा भाग पडतच नाही. भोवती सुमारे १२० फूट रुंदीचा खंदक आहे. आज तो कोरडा आहे. सह्याद्रीत निसर्गाने कडे दिले, तेथे गिरिदुर्ग झाले. या पठारावर निसर्गाने फक्त मंद चढ-उतार दिले, आणि येथल्या स्थपतींनी त्यांचाच तट केला. मोटारीतून उतरून किल्ला पाहणाऱ्याला हे कोणीतरी सांगावे लागते. तुम्हांला ते सांगावे लागले नाही. शेवटचा उतार तुम्ही स्वतः उतरून आला होता.

१६३६ मध्ये औसा आणि उदगीर हे दोन्ही किल्ले मोगलांच्या हाती गेले. पुढे १७६० च्या आरंभी याच माळांवर सदाशिवरावभाऊंच्या फौजांनी निजामाला घेरले. निजामाची सेना उदगीरहून धारूरकडे सरकत होती. ३ फेब्रुवारी रोजी मराठ्यांनी तिला औशाच्या परिसरात गाठून निर्णायक तडाखा दिला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने धडाडल्या. अवघ्या वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, भाऊ पानिपतावर पडले आणि पकडला गेलेला इब्राहिमखान पुढे मारला गेला. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत संपते. पण ज्या चढावर आपली रिकामी सायकल ओढताना दमछाक झाली, तसल्याच चढांवरून बैलांनी त्या तोफा ओढल्या होत्या, हे ज्याला जाणवले त्याच्यापुरत्या त्या दोन ओळी जिवंत झाल्या.

दुपारी आपण खरोशाच्या टेकडीवर गेलो. सहाव्या शतकाच्या सुमारास तेथे लेणी कोरली जाऊ लागली. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे तेथे आहेत. तुमच्या हातांना तांबडी धूळ लागली, ती तशी का लागली? वेरूळचा खडक काळा बसाल्ट. खरोशाचा खडक जांभा आहे. तो सच्छिद्र, झिजणारा. त्यात वेरूळसारखी नाजूक बोटे आणि दागिने टिकत नाहीत. कोरणाऱ्याने दगडाची प्रकृती ओळखली आणि तिला पेलेल तेवढेच कोरले.

आणि आज पहाटे निलंग्याचे नीळकंठेश्वर मंदिर. तीन गाभारे आणि त्यांना जोडणारा एक सभामंडप, अशी ती त्रिकूट रचना. एकेक शिळा घडवून, एकीचा खाचा दुसरीच्या उंचवट्यात बसवून उभारलेली. शतके लोटली, मंदिर उभे आहे. मंडपात उभे राहून तुमच्यापैकी एक जण अभिमानाने म्हणाला, "सर, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते!" त्यालाही मी तेव्हा उत्तर दिले नाही.

१९९२ चा तो मुक्काम

अशी सायकल सहल मी प्रथम काढली ती १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये. सहा विद्यार्थी, सात साध्या काळ्या सायकली, एक हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान. त्या सहलीचाही एक मुक्काम किल्लारीस होता. हे आजचे किल्लारी नव्हे, जुने गाव. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दगड-मातीच्या उंच भिंती. एका शेतकरी कुटुंबाने आम्हांला आग्रहाने घरी नेले. भाकरी, पिठले आणि शेंगांची चटणी. जेवण झाल्यावर त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ओसरीच्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज्यानं बांधलेली हाय. दोन हात रुंद. तोफ लागली तरी हालायची न्हाई."

त्या काळात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. जमिनीतून आवाज येत. अनेक कुटुंबे भीतीने अंगणात, खळ्यावर झोपत. मी विज्ञानाचा शिक्षक आहे हे कळल्यावर काकांनी मला विचारले, "गुरुजी, ही जमीन कशानं हालायलीय? लेकरंबाळं बाहीर निजायलीत, थंडी पडलीय. आत निजावं का नको?"

मी उत्तर दिले. क्षणभरही न थांबता दिले. दख्खनचे पठार हा देशातील अतिशय स्थिर भूभाग आहे, भूकंप हिमालयाच्या पायथ्याशी होतात, कोयना येथून दूर आहे, भूकंपप्रवणतेच्या नकाशात आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो, असे सारे मी त्यांना सांगितले. ते त्या वेळच्या पुस्तकांत होतेच. आणि शेवटी म्हणालो, "काका, भिऊ नका. आत निजा."

ते कुटुंब माझ्या शब्दावर घरात परतले, की थंडीमुळे, की धक्के थांबल्यामुळे, हे मला कधीच कळणार नाही. गाव हळूहळू घरात परतले एवढे खरे.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. मिरवणुकीहून लोक उशिरा परतून गाढ झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर आणि धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या सायंकाळी लातूरहून आलेल्या तरुणांच्या एका तुकडीबरोबर मी येथे पोचलो. मला ती गल्ली सापडली नाही. घर सापडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे पाऊस लागला आणि पावसातच दगड उपसणे, प्रेते बाहेर काढणे आणि त्यांना अग्नी देणे सुरू राहिले. काका, काकू आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सापडले. थोरली सून तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी गेली होती; तेवढी दोघे वाचली.

भिंत कशी पडली

विद्यार्थिमित्रांनो, भावना बाजूला ठेवून आता विज्ञानाच्या तासाला बसा. दोन हात रुंदीची भिंत कशी पडते?

ती भिंत मुळात एक नव्हतीच. बाहेरून एक दगडी पृष्ठ, आतून दुसरे, आणि मधल्या पोकळीत माती व दगडाचे तुकडे. दगड शेतातून आणलेले, बहुतेक ओबडधोबड. सांधायला चुना नव्हता, माती होती. दोन्ही पृष्ठांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते, किंवा अगदी थोडे होते. अशी भिंत सरळ खाली येणारा भार शतकभर पेलते. पण भूकंपाचा धक्का आडवा असतो. भिंत हादरली की दोन्ही पृष्ठे फुगून अलग होतात आणि कोसळतात. वर माळवद. लाकडावर मातीचा जाड थर, आणि गळती होऊ नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर चढवलेली आणखी माती. ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जितकी भिंत रुंद, तितके दगड अधिक. कुडाच्या झोपडीत, गावाच्या कडेला राहणारी अनेक गरीब कुटुंबे वाचली आणि भक्कम वाड्यांतली गेली, हे किल्लारीच्या परिसरातील वडीलधारे आजही सांगतात.

आणि पायाखालचा खडक? भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधनविवर घेतले. बसाल्टचा थर सुमारे ३३८ मीटर निघाला, त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. ज्याला आपण अचल म्हणत होतो त्याच्याही पोटात जुनी भेग होती आणि ती सरकू शकत होती. पुढे २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानक सुधारले गेले. त्यात सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच रद्द झाला आणि हा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. म्हणजे ज्या नकाशाच्या आधारावर मी काकांना निर्धास्त केले, तो नकाशा इतिहासजमा झाला.

मी खोटे बोललो नव्हतो. पुस्तकात होते तेच सांगितले होते. माझी चूक दुसरी होती. ज्या भिंतीला टेकून मी जेवलो, तिच्याकडे मी एकदाही पाहिले नाही. शास्त्र शिकवणारा मी, पण ती भिंत कशाने बांधली आहे, छतावर किती माती आहे, एवढे विचारण्याचेही मला सुचले नाही. तेथवर सायकलने गेलो होतो, पण पाहिले मात्र बसच्या खिडकीतून पाहावे तसे.

अभिमान आणि अवलोकन

आता निलंग्याच्या मंडपातील त्या उद्गाराचे उत्तर. पूर्वजांना सगळे ठाऊक होते काय? नीळकंठेश्वराचे मंदिर बांधणारे आपलेच पूर्वज आणि मातीत दगड रचून घरे बांधणारेही आपलेच. घडीव शिळा एकमेकींत गुंतवण्याचे शास्त्र याच मातीत होते. ते देवळापर्यंत पोचले. शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत पोचले नाही. ज्ञान समाजाच्या एका कोपऱ्यात राहिले, तर ते साऱ्या समाजाचे रक्षण करत नाही. आपल्या वारशाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अभिमान हा पाहण्याला पर्याय होऊ लागला की तो आपल्याला आंधळे करतो. काकांनाही आपल्या आजोबांच्या भिंतीचा अभिमानच होता.

म्हणून १९९४ पासून आमच्या सहलीची वही बदलली. प्रत्येक मुक्कामाला दोन पाने. डाव्या पानावर किल्ला, लेणे किंवा मंदिर: दगड कोणता, सांधा कसा, पाणी कोठून येई. उजव्या पानावर त्याच गावातील एक राहते घर: भिंतीत आरपार दगड आहेत का, दारांच्या वरून चारी भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे का, कोपरे एकमेकांत गुंफलेले आहेत का, छपराचे ओझे किती, तडे कोठे. घरमालकांची परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून, नम्रपणे विचारायचे. काल एका गावात तुम्हीच टिपले की मूळ घराला पट्टा आहे, पण नंतर जोडलेल्या खोलीला तो नाही. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. शासन, जागतिक बँक, देशभरातील संस्था आणि सामान्य माणसे त्यासाठी झटली. पण घरे वाढतात, कुटुंबे वाढतात, आणि विस्मरणही वाढते. तुमच्यापैकी एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता. ही दोन पाने त्या विस्मरणावरचा आमचा छोटासा उपाय.

याला सायकलच का? कारण सायकलस्वार थांबू शकतो. त्याला कोणी चहाला हाक मारली तर ती ऐकू येते. १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांतील तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. आपल्याला जग पालथे घालायचे नाही. आपला तालुका नीट पाहिला तरी पुष्कळ. आपल्याकडे गावोगाव सायकलवरून हिंडणारे शिक्षक, पोस्टमन आणि कार्यकर्ते होऊन गेले. कोणत्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना कळे, कारण ते दारावरून सावकाश जात.

उद्याचा रस्ता

उद्या पहाटे उजाडताच निघायचे. चाकांतील हवा आज रात्रीच तपासा, बाटल्या भरून ठेवा. आपण तेरणा ओलांडू. हीच नदी वर तेरहून येते. ते प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात तेथून भडोचला जाणाऱ्या कापडाची नोंद आहे. संत गोरोबाकाकांचे गावही तेच. नदी ओलांडताना एवढे आठवा.

मग लोहाऱ्याच्या बाजूने नळदुर्ग. वाटेत जमल्यास हराळीस थांबू. भूकंपानंतर ज्ञानप्रबोधिनीने तेथे उभारलेली निवासी शाळा पाहण्यासारखी आहे. नळदुर्गात बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीतच पाणीमहाल आहे. १६१३ च्या सुमारास, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तो बांधला गेला. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. हैदराबाद मुक्तीच्या कारवाईत, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सेना सोलापूरकडून याच वाटेने आत शिरली. बोरीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला. शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग त्या दिवशी नळदुर्गजवळ धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आपण आज मोकळेपणाने सायकल चालवतो त्या मराठवाड्यावर त्यांचे ऋण आहे. महामार्गावर ट्रकांची वर्दळ असते. एका रांगेत, डावीकडून चालवायचे. नळदुर्गातही वहीची दोन्ही पाने भरायची आहेत.

एक उत्तर

शेवटचे सांगतो आणि थांबतो.

आज दुपारी ज्यांच्या अंगणात आपण भाकरी खाल्ली, ते गृहस्थ म्हणजे त्या वाचलेल्या सुनेचे ते तान्हे बाळ. आता त्यांची स्वतःची मुले शाळेत जातात. जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला नेले आणि विचारले, "सर, लेकरं मोठी व्हायलीत, जागा पुरंना. वर एक मजला चढवू म्हणतो. चढवू का?"

तोच स्वर. तोच विश्वास. शिक्षक आहेत, त्यांना ठाऊक असेल, हा.

या वेळी मी थांबलो. म्हणालो, "मला ठाऊक नाही, दादा. आधी भिंत पाहू." मग आम्ही दोघांनी मिळून पाया पाहिला, पट्टा पाहिला, एका कोपऱ्यातला बारीक तडा पाहिला. त्याची नोंद घेतली. पुढच्या आठवड्यात लातूरहून एक अनुभवी अभियंता घेऊन मी पुन्हा येणार आहे. ते सांगतील तेव्हाच निर्णय होईल.

काकांना हे उत्तर द्यायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तुम्हांला इतका वेळ लागू नये, म्हणून दरवर्षी मी मुलांना घेऊन या वाटेने येतो.

पाय का भरून आले, असे सकाळी विचारणाऱ्या माझ्या मित्रा, तुझे उत्तर एवढेच. नकाशात चढ नव्हता, वाटेवर होता. नकाशा वाचत जा. पण खाली उतरून पाहत जा.